दुसरी बाटली

आमच्या जळकोटच्या घरात एक वाक्य गेली चाळीस वर्षे अधूनमधून उच्चारले जाते. "दुसरी बाटली लावली असती तर लेकरू वाचलं असतं." वाक्य माझ्या आईचे. बाटली सलाईनची. लेकरू म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा.

१९८४ चा जून महिना होता. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. रात्री बैलांना वैरण टाकायला दादाने कडब्याच्या गंजीत हात घातला आणि तांबड्या विंचवाने बोटाला नांगी मारली. दादा तेव्हा सतरा वर्षांचा, मी तेरा. गावातल्या जाणत्याला बोलावून विंचू उतरवून घेतला. बोटाची आग फारशी नव्हती, त्यामुळे घरचे निर्धास्त झाले. तासाभरात दादाला दोन उलट्या झाल्या. अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम सुटला. हातपाय गार पडले. कुणाचा तरी ट्रक थांबवून वडिलांनी त्याला मोठ्या गावच्या एका दवाखान्यात नेले. मीही ट्रकमध्ये होतो. डॉक्टरांनी सलाईन लावले. बाटली संपत आली तेव्हा त्यांनी दादाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि सुई काढून टाकली. वडील दुसऱ्या बाटलीचे पैसे हातात धरून उभे होते. डॉक्टर नाही म्हणाले. वडील त्यांना नको नको ते बोलले. उजाडताना दादाला खोकला लागला, तोंडाला गुलाबी फेस आला, आणि दिवस कासराभर वर येण्याआधी सगळे संपले.

डॉक्टरने पैसे बघून नव्हे, तर गरीब बघून हात काढून घेतला, असे वडील मरेपर्यंत सांगत राहिले. मीही तेच मानत मोठा झालो. दहावीनंतर शाळा सुटली, वह्या-पुस्तकांचे दुकान टाकले, आणि गिऱ्हाईक नसताना वाचायची सवय लागली. आमच्या भागातल्या साथींचा इतिहास गोळा करता करता वैद्यकाचा इतिहास हाताला लागला. त्या वाटेने मी 'शॉक' या शब्दापाशी पोचलो आणि दादाची शेवटची रात्र मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. मी डॉक्टर नाही. पुढे जे मांडतो आहे ते वाचून आणि डॉक्टर मित्रांकडून तपासून घेतलेले आहे.

शब्द आणि त्यामागचा रोग

मराठीत 'शॉक बसला' म्हणजे एकतर विजेची तार लागली, नाहीतर वाईट बातमी कळली. डॉक्टरांचा शॉक यापेक्षा वेगळा. शरीरातल्या पेशींना जगण्यापुरते रक्त, म्हणजे पर्यायाने प्राणवायू, पोचेनासा होतो त्या अवस्थेला ते शॉक म्हणतात. आपल्या आयाबायांकडे याला नेमके शब्द आहेत: नाडी सुटली, हातपाय गार पडले, गडी गारठला. रक्त कमी पडू लागले की शरीर हातापायांचे, कातडीचे रक्त काढून मेंदूला आणि हृदयाला पुरवते. म्हणून हात गार पडतात, लघवी थांबते, माणूस बरळतो.

हा शब्द वैद्यकात आला तो युद्धाच्या वाटेने. आँरी ल द्रां या फ्रेंच शल्यवैद्याने बंदुकीच्या जखमांवर १७३७ मध्ये ग्रंथ लिहिला. १७४३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकाराने 'शॉक' हा शब्द योजला. गोळी शरीराला हादरा देते, असा त्यामागचा भाव. पुढची दीडशे-दोनशे वर्षे मोठमोठ्या वैद्यांना वाटत राहिले की हा हादरा मज्जातंतूंना बसतो. पहिल्या महायुद्धात चिरडलेल्या स्नायूंतून काही विष सुटते, असाही तर्क झाला.

या गोंधळाला वळण देणारे प्रयोग अमेरिकेत नॅशव्हिल इथे १९३० नंतर झाले. प्रयोगशाळा आल्फ्रेड ब्लॅलॉक या शल्यवैद्याची. प्रत्यक्ष प्रयोग करणारे हात मात्र व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तरुणाचे होते. थॉमस सुतारकाम करत होता. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. प्रयोगशाळेत त्याची नोंद झाडूवाल्याच्या दर्जाची होती. या दोघांनी दाखवून दिले की जखमी भागात रक्त आणि रक्तद्रव इतका झिरपतो की फिरायला रक्तच उरत नाही. गूढ विषाची गरजच नाही. शाळेपुढे न शिकलेल्या थॉमसला १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही.

विहीर, मोटार, पाट आणि दारे

आज शिकवली जाते ती शॉकची चार प्रकारांची विभागणी १९७२ मध्ये हिन्शॉ आणि कॉक्स यांनी मांडली. पुस्तकातली नावे जड आहेत. मी ती शेतातल्या पाण्यावरून लक्षात ठेवली.

ऊस वाळतो आहे, वाफ्यात पाणी पोचत नाही. कारणे चारच असू शकतात. विहीर आटली असेल. मोटार बिघडली असेल. सगळी दारे एकदम फुटून पाणी रानभर पसरले असेल. किंवा पाटात कुठेतरी दरड कोसळून पाणी अडले असेल. शरीरातही तेच. रक्त किंवा पाणी कमी झाले तर पहिला प्रकार. हृदय दुबळे झाले तर दुसरा. रक्तवाहिन्या सैल पडून रक्त जागोजाग साचले तर तिसरा. हृदयाच्या वाटेत अडथळा आला तर चौथा. बांधावरून पाहणाऱ्याला चारही वेळा वाळलेला ऊसच दिसतो. खाटेवरच्या माणसाचेही तसेच. रक्तदाब उतरलेला, नाडी बारीक, शुद्ध हरपत चाललेली. पण विहीर आटली असताना करायचा उपाय मोटार जळत असताना केला तर काय होईल, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

मोडशी

विहीर आटण्याचे एक जुने वर्णन आपल्याच मुलखातले आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीच्या रोग्याचे वर्णन आहे: नाडी हाताला न लागणारी, कातडी गार, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे, आणि दिवसाच्या आत मृत्यू. रोगाचे स्थानिक नाव तो 'मोर्शी' असे देतो. ही आपली मोडशी. युरोपीय लोकांनी हा शब्द तोंडात घोळवत घोळवत त्याचे 'मोर्देशी' केले आणि शेवटी फ्रेंचांनी 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असा त्याला भलताच अर्थ चिकटवला. आपल्याकडे हा शब्द पुढे अपचनापुरता उरला आणि पटकीच्या वाट्याला मरीआई आली. आमच्या भागात मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत होती. शिवेपलीकडच्या गावाने तो पुढे ढकलायचा.

पटकीत माणसाच्या अंगातले पाणी आणि क्षार जुलाबावाटे वाहून जातात. हे रक्त तपासून दाखवले ते विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने, १८३१-३२ च्या इंग्लंडातल्या साथीत. तोच पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी ओळखला गेला. त्याचे लेखन वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या टॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ मध्ये धाडस केले. मरायला टेकलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत त्याने मिठाचे पाणी सोडले. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक. बाईचे डोळे उघडले, चेहऱ्यावर रंग आला, ती बोलू लागली. लाटा तिला रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हवाली करून निघून गेला. उलट्या-जुलाब परत सुरू झाले. कुणी पुन्हा पाणी सोडले नाही. लाटा गेल्यावर साडेपाच तासांनी ती वारली.

लाटाने हे सारे प्रामाणिकपणे 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाला लिहून कळवले. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दुकानात एकटाच होतो. मला आईचे वाक्य ऐकू आले. लीथच्या त्या बाईला दुसरी बाटली लावली असती तर ती खरोखरच वाचली असती.

या उपायाचे सर्वात मोठे यश १९७१ मधले. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, साखर आणि सोडा मिसळून ते पाणी आयांच्या हाती दिले. छावणीतला मृत्यूदर तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. आज आशाताई घरोघरी देतात ती जीवनजलाची पुडी ही त्याच पिंपाची लेक आहे.

विहीर आटण्याची आणखी एक तऱ्हा आम्ही लातूरकरांनी जवळून पाहिली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. ढिगाऱ्याखालून बोलत बाहेर आलेला माणूस काही तासांनी अचानक का ढासळतो, याचे उत्तर १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींवरून दिले होते. दबलेल्या मांडीवरचा दगड निघाला की रक्तातले पाणी चिरडलेल्या स्नायूंत शिरते आणि स्नायूंतले घातक पदार्थ रक्तात येतात. आधी शॉक, मागून मूत्रपिंडे बंद. अशा माणसाला दगड उचलण्याआधीच सलाईन सुरू करावे, हा नियम त्यातून आला.

फुटलेली दारे, अडलेला पाट

तिसऱ्या प्रकाराची ओळख खेड्यात 'इंजेक्शनची रिअॅक्शन' म्हणून आहे. पेनिसिलीन टोचले आणि माणूस दारातच कोसळला, अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. शरीरच एखाद्या पदार्थाविरुद्ध इतके खवळते की सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. फ्रान्सच्या शार्ल रिशे याने १९०२ मध्ये सहकारी पॉर्त्ये याच्यासह हे ओळखले आणि त्याला १९१३ चे नोबेल मिळाले. साप चावल्यावर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचतात, तिनेही कधी कधी हेच होते. म्हणून शेजारी अॅड्रेनालिन भरून ठेवावे लागते. जंतू रक्तात पसरून होणारा शॉकही याच घरातला. पूर्वी बाळंतिणी ज्या तापाने जात तो बहुधा हाच. त्यात सुरुवातीला हातपाय गार नसून उबदार लागतात आणि घरचे फसतात.

चौथा प्रकार विरळा. बैलाने छातीत शिंग मारले, हवा फुफ्फुसाबाहेर कोंडली आणि हृदय एका बाजूला दाबले गेले. किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचले. मोटार ठीक, विहीर भरलेली, तरी वाफा कोरडा. इथे औषध नव्हे, अडथळा काढणारी सुई लागते, आणि ती मिनिटांत लागते.

तांबडा विंचू

आता राहिला दुसरा प्रकार, मोटारीचा. त्यासाठी महाडला जावे लागते.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. गरिबीतून नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. कोकणात तांबड्या विंचवाने माणसे, विशेषतः मुले, पटापट मरत होती. विंचू चावल्यावर फुफ्फुसांत पाणी भरते, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कळवले होते. पण ते का भरते आणि करायचे काय, याची वाट सापडली नव्हती. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेची औषधे, सलाईन असे जे हाताशी होते ते दिले जाई.

बावस्करांनी उपकरणे नसताना एक गोष्ट केली. ते रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत गेले. त्यातून एक क्रम उमटला. ज्याचे बोट भयंकर ठणकते तो बहुधा वाचतो. ज्याला ठणका कमी पण उलट्या, दरदरून घाम आणि गार हातपाय, त्याचे हृदय पुढच्या काही तासांत धोक्यात येते. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. लाटाच्या पत्राला त्या वर्षी बरोबर दीडशे वर्षे झाली होती.

पैठणच्या नाथांनी विंचवाला काम-क्रोधाचे रूपक करून भारुड रचले, त्यातही विंचू चावलेल्याच्या अंगाला घाम सुटतो. चारशे वर्षे आपण ते टाळ्या देऊन ऐकतो आहोत. तो घाम निरोप्या होता.

घडते ते असे. विष मज्जातंतूंची कळ दाबून धरते. शरीरातली उत्तेजक रसायने रक्तात पूर आल्यासारखी सुटतात. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शेताच्या भाषेत, सगळी दारे कुणीतरी एकदम गच्च बंद केली आणि मोटार मात्र पूर्ण दाबाने चालू आहे. पाणी पुढे जात नाही, दाब मागे येतो, मोटार तापते. हृदय थकते आणि मागचे पाणी फुफ्फुसांत उतरते. तोंडाला गुलाबी फेस येतो तो तिथला. रक्तदाब आधी वाढलेला असतो, मग कोसळतो. कोसळलेला रक्तदाब तेवढा पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. तो सलाईन लावतो. बंद दारांच्या पाटात तो आणखी पाणी ओततो.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध थेंबाथेंबाने देऊन पाहिले. रोगी वाचले, पण ते देताना क्षणभर नजर हलवता येत नाही, आणि खेड्यातल्या दवाखान्याला ते झेपणारे नव्हते. मग त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन नावाची स्वस्त, साधी गोळी वापरली. आवळलेली दारे उघडणे हेच तिचे काम. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गंभीर रोग्यांमधला तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्यूदर पुढच्या वर्षांत एक टक्क्यावर उतरला. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला: गोळीच्या जोडीला विंचवाची लस दिली तर रोगी आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

हिशेब

या तारखा मी एका कागदावर ओळीने लिहिल्या. १९८२, पूर्वलक्षणे. १९८४, दादा. १९८६, गोळी. ज्या रात्री दादा गेला त्या रात्री ही विद्या महाराष्ट्रात होती, पण ती महाडच्या एका दवाखान्यात आणि लंडनच्या एका साप्ताहिकात होती. आमच्या ट्रकच्या वाटेवर ती अजून यायची होती.

आणि त्या डॉक्टरांनी बाटली काढली होती. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ जे ऐकले, ते फुफ्फुसांत पाणी उतरल्याचा बारीक आवाज असणार. सलाईन थांबवणे एवढेच त्या रात्री त्यांच्या हातात होते, आणि त्यांनी तेवढे केले. वडिलांनी हातात धरलेल्या पैशांची दुसरी बाटली लागली असती तर दादा उजाडेपर्यंतही टिकला नसता.

आमच्याकडे अजूनही सलाईन म्हणजे उपचार. अशक्तपणा वाटला की माणूस स्वतःहून 'एक बाटली लावा' म्हणतो, आणि न लावणारा डॉक्टर कंजूष ठरतो. पटकीने दिलेला धडा आपण इतका पाठ केला की तो कुठे लागू नाही हे विचारायचे राहून गेले. एवढे तरी घरोघरी माहीत असावे: विंचू चावल्यावर उलट्या, घाम, गार हात यांतले काही दिसले तर मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवता दवाखाना गाठावा. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या सात वर्षांच्या पोराला विंचू चावला, घाम सुटला. त्याला गोळी मिळाली, रात्रभर रक्तदाब पाहिला गेला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात खोडरबर घ्यायला आला होता.

हे सगळे आईला सांगावे की नाही, यावर मी बरेच महिने घालवले. चाळीस वर्षे जपलेला राग काढून घेतला तर तिच्याकडे काय उरेल, असे वाटे. गेल्या पोळ्याला बैल धुऊन झाल्यावर ओसरीत बसून सांगितले. दारे, मोटार, पाट असे सगळे. तिने वावरात जन्म काढला आहे. तिला माझ्यापेक्षा लवकर समजले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी बाटली काढली ते बराबर केलं त्यानं?"

"होय माय."

"तुझा बाप त्याला लई वंगाळ बोलला होता रे."

मी मान हलवली. तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "तो डाक्टर हाय का अजून?"

मी चौकशी करून ठेवली होती. ते वारून नऊ वर्षे झाली, असे मी तिला सांगितले.